आप्पांची बशी

आमच्या घरी सकाळी सहाला चहा होत असे. आप्पा ओट्यावर येऊन बसत, कपातला चहा बशीत ओतत आणि बशी दोन्ही हातांनी ओठांशी नेऊन सावकाश भुरके मारत. प्रवरेच्या कालव्याखालच्या आमच्या गावात चहा पिण्याची दुसरी रीत कोणाला फारशी ठाऊक नव्हती. शेजारचे काका तसाच चहा पीत, दुधाच्या डेअरीवर बसलेली माणसेही तसाच पीत. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्या आवाजाकडे माझे लक्षही गेले नव्हते.

१९८८ सालचा हिवाळा होता आणि मी सहावीत होते. एका सकाळी अभ्यासाला बसले असताना आप्पांच्या भुरक्याचा आवाज कानी आला आणि छातीत काहीतरी आवळले गेले. मुठी वळल्या, मानेवर काटा आला, आणि ज्या वडिलांवर माझा अतोनात जीव होता, त्यांच्या हातातली बशी हिसकावून अंगणात भिरकावून द्यावी, असा संताप मनात उसळला. पुढच्याच क्षणी स्वतःचीच विलक्षण भीती वाटली. आपल्याला हे काय होते आहे, हे कोणाला विचारावे तेही कळेना. दुसऱ्या दिवशी तेच झाले आणि मग रोजच होऊ लागले.

त्या आवाजाच्या मागोमाग दुसरे आवाजही आले. आप्पा ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खात, तो आवाज. हुलग्याची शेंगोळी असली की त्यांचा रस्सा ओढण्याचा आवाज. आजीच्या अडकित्त्याची करकर. धाकट्या भावाचे सर्दीतले नाक ओढणे. नवल असे, की मोठ्या आवाजांचा मला कधीच त्रास झाला नाही. उसाच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घरावरून जात, साखर कारखान्याचा भोंगा वाजे, जत्रेत ढोलताशे कानाशी दणाणत आणि मी त्यातही स्वस्थ झोपत असे. माझी झोप न मोडणाऱ्या त्या गदारोळाला जे जमले नाही, ते बशीतल्या चहाच्या एका घोटाला जमत होते.

मी जेवताना तोंड वेडेवाकडे करू लागले, कानात बोटे घालू लागले, अर्ध्या जेवणातून उठू लागले. आईने आधी समजावले, मग रागे भरली आणि एकदा फटकाही दिला. ‘बापाचं खाणं खुपतं होय गं तुला?’ हे तिचे शब्द मला अजून आठवतात. मी उत्तर दिले नाही, कारण प्रश्न खरा होता आणि तरीही खरा नव्हता. मला वडील खुपत नव्हते, त्यांचे खाणेही खुपत नव्हते. तो आवाज शरीरात शिरून जे करत होता, ते मला सोसवत नव्हते.

काही महिन्यांनी आप्पा आपले ताट घेऊन ओट्यावर जेवायला बसू लागले. ‘इथं वारा लागतो,’ असे ते म्हणाले. भर उन्हाळ्यातही ते तिथेच बसत. मी त्याचा विचार केला नाही. सुटल्यासारखे वाटले, एवढेच. बारावीनंतर तेव्हाच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि वसतिगृहात राहू लागले. घर एस.टी.ने दोन तासांवर असूनही महिनोन्‌महिने जात नसे. अभ्यास आहे, परीक्षा आहे, गाडी चुकली, अशी कारणे मी देत राहिले. पुढे लग्न झाले, शिक्षिका झाले, संसार मांडला. माहेरी जाणे सणापुरते उरले.

त्रास मात्र बरोबर आला होता. माझ्या यजमानांचे चिवडा खाणे, शिक्षक-कक्षातील कोणाच्या पेनची टकटक, बसमध्ये मागच्या आसनावर कोणी च्युइंगम चघळणे. मी दिवसभर आवाज चुकवीत जगत होते आणि ते कोणाला कळू नये म्हणून धडपडत होते. एका डॉक्टरांना धीर करून सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘मनावर घेऊ नका, दुर्लक्ष करायला शिका.’ जे मनावर घेतले जात नव्हते, थेट अंगावर येत होते, त्याकडे दुर्लक्ष कसे करावे, हे त्यांनी सांगितले नाही. २०१५ साली आई गेली. तिला या गोष्टीचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही, कारण तो मलाच झालेला नव्हता.

२०२० च्या टाळेबंदीत सगळे घर चोवीस तास एकत्र आले आणि माझा धीर संपला. मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागले. मुलाने विचारले, ‘आई, तुला आमच्याबरोबर जेवायला आवडत नाही का?’ त्याच्या प्रश्नात मला ओट्यावरचे आप्पा दिसले. वेगळे बसून जेवणारे माणूस फक्त या वेळी बदलले होते.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गातील एक मुलगी मधल्या सुटीत डबा घेऊन एकटीच जिन्याखाली बसलेली मी पाहिली. शेजारणीच्या खाण्याचा आवाज तिला सहन होत नव्हता आणि घरीही ती आजीबरोबर जेवत नसे. मैत्रिणी तिला ‘शिष्ट’ म्हणत. शाळेत पालकांसाठी मार्गदर्शनपर व्याख्यान द्यायला एक चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांना मी त्या मुलीविषयी विचारले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, ‘याला मिसोफोनिया म्हणतात.’ मग थोडे थांबून, ‘आणि तुम्ही हे इतक्या बारकाईने सांगता आहात, ते केवळ तिच्याविषयी नसावे.’ वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला माझ्या रागाचे नाव कळले.

त्या नावाविषयी मी पुढे जे वाचले आणि समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवते. ‘मिसोस’ म्हणजे द्वेष आणि ‘फोने’ म्हणजे ध्वनी, या दोन ग्रीक शब्दांवरून मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञ दांपत्याने २००१ साली हा शब्द रूढ केला. मराठीत आपण त्याला ध्वनिद्वेष म्हणू शकू. म्हणजे मी अकरा वर्षांची असताना हा शब्द जगात अस्तित्वातच नव्हता. माझ्या आईवर किंवा त्या डॉक्टरांवर रागावण्याचे कारण मला तेव्हापासून उरले नाही.

या अवस्थेत त्रास देणारे आवाज ठरावीक असतात. बहुतेक वेळा ते तोंडाचे आणि नाकाचे असतात: चावणे, भुरकणे, घोट घेणे, श्वास, घोरणे, नाक ओढणे. पेनची टकटक किंवा बोटांनी टेबल वाजवणे यांसारखे वारंवार होणारे आवाजही त्यांत येतात. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कशाचा आहे आणि कोणाचा आहे, याला महत्त्व असते. म्हणूनच परक्याच्या भुरक्यापेक्षा घरच्या माणसाचा भुरका अनेकांना अधिक छळतो. प्रतिक्रिया भीतीची नसते. ती संतापाची, किळसेची आणि तिथून निघून जाण्याच्या तीव्र इच्छेची असते. त्रासाची सुरुवात बहुधा बालपणाच्या अखेरीस किंवा किशोरवयात होते. श्रवणचाचणी केली तर कान सहसा निर्दोष निघतात. सगळेच मोठे आवाज कानाला वेदना देतात, त्या अवस्थेला हायपरअॅक्युसिस म्हणतात आणि तिचे उपचार वेगळे असतात. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घेणे शहाणपणाचे. अर्धशिशी, चिंताविकार किंवा स्वमग्नता यांतही आवाजाची संवेदनशीलता वाढू शकते. तपासणीत तेही पाहिले जाते.

हा केवळ स्वभावदोष नाही, याचा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटला. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मिसोफोनिया असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींना तीन प्रकारचे आवाज ऐकवले: पावसासारखे साधे आवाज, किंकाळीसारखे कोणालाही अप्रिय वाटणारे आवाज, आणि खाण्याचे व श्वासाचे आवाज. पहिल्या दोन प्रकारांत दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र मिसोफोनिया असलेल्यांच्या मेंदूतील ‘इन्सुला’ नावाच्या भागाचा पुढचा हिस्सा फार अधिक प्रमाणात चेतला, हृदयाचे ठोके वाढले आणि त्वचेची विद्युत्‌वाहकता, म्हणजे घामाशी निगडित असलेली शरीराची प्रतिक्रिया, वाढली. आजूबाजूच्या असंख्य गोष्टींतून कोणती महत्त्वाची, हे निवडण्यात आणि शरीराच्या संवेदना भावनांशी जोडण्यात हा भाग सहभागी असतो. साध्या आवाजाला तो जणू धोक्याची घंटा समजतो. याच संशोधकांनी २०२१ साली आणखी एक बाब पुढे आणली: अशा व्यक्तींत आवाज ऐकणारे मेंदूचे भाग आणि तोंड-ओठ-घसा यांच्या हालचाली सांभाळणारा भाग यांच्यातील दुवा अधिक दाट असतो. ऐकणाऱ्याला समोरच्याची हालचाल आपल्यात घुसल्यासारखे वाटते, त्याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. ‘तो आवाज शरीरात शिरतो’ असे जे मला लहानपणी वाटे, ते अगदीच चुकीचे नव्हते.

अशी माणसे थोडी नाहीत. ब्रिटनमध्ये ७७२ जणांच्या एका पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना या त्रासाचा लक्षणीय भार जाणवत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांनी हा शब्दही ऐकलेला नव्हता. आपल्याकडे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेतील अभ्यासकांनी विद्यार्थ्यांमध्ये याची पाहणी केली आहे. २०२२ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन याची सर्वमान्य व्याख्याही ठरवली. मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणांत मात्र याला अद्याप स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांना हे नाव परिचित नसले, तर नवल मानू नये आणि निराशही होऊ नये.

उपचारांविषयी प्रामाणिकपणे सांगायला हवे. मिसोफोनियासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध आज नाही. सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असेल, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ औषध देऊ शकतात. सर्वाधिक आधार आहे तो बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीला. ॲमस्टरडॅम येथे ५४ रुग्णांवर झालेल्या नियंत्रित चाचणीत हे उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. प्रतीक्षायादीतील गटात ती कोणातही दिसली नाही. ३७ टक्के म्हणजे सर्वजण नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. पण जिथे पूर्वी काहीच नव्हते, तिथे हेही थोडे नाही.

माझे उपचार २०२२ च्या पावसाळ्यात सुरू झाले. दर पंधरवड्याला शनिवारी शाळा सुटल्यावर एस.टी.ने नगरला जात असे. बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, ‘राग येणे तुमच्या हाती नाही; त्यानंतरचा अर्धा मिनिट मात्र हळूहळू तुमच्या हाती येऊ शकतो.’ मी तीन गोष्टी शिकले. पहिली, आवाज सुरू होताच आवळले जाणारे जबडा, खांदे आणि मुठी ओळखून त्या सैल सोडणे आणि श्वास लांबवणे. दुसरी, लक्ष हलवणे: आवाजाचा पाठलाग करणारे मन ताटातल्या चवीकडे, बोलण्याकडे, पंख्याच्या घरघरीकडे नेण्याचा रोजचा सराव. तिसरी सर्वांत कठीण होती. त्या आवाजाशी मनात जोडला गेलेला अर्थ तपासायचा. ‘हे मुद्दाम करतात’, ‘यांना माझी पर्वा नाही’, ही वाक्ये माझ्या मनात आवाजाच्या पाठोपाठ येत आणि राग पोसत. आप्पांचा भुरका ध्वनिमुद्रित करून, मोबाइलवर अगदी लहान आवाजात, माझ्या आवडीच्या प्रसंगांच्या छायाचित्रांबरोबर ऐकण्याचा सराव बाईंनी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतला. हे घरच्या घरी, जबरदस्तीने करू नये. ‘सवय होईल’ म्हणून मुलाला त्याच आवाजासमोर दामटून बसवल्याने त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

पण त्या ध्वनिमुद्रणासाठी आप्पांना सांगणे भाग होते.

२०२२ च्या दिवाळीत मी गावी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि लहानपणापासूनचे सगळे सांगितले. आवाज, राग, वसतिगृह, न चुकलेल्या गाड्या. ते बराच वेळ कालव्याच्या दिशेने पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मला वाटलं, पोरगी शिकली. आता आपल्यासंगं जेवायची तिला लाज वाटती. म्हणून म्या भाईर बसायचो. म्हनलं, तुला आवघड नको.’

चौतीस वर्षे त्या माणसाने हे मनात ठेवले होते. मला बोलवेना. ‘आप्पा, लाज नव्हती हो. लाज कधीच नव्हती,’ एवढेच कसेबसे म्हणाले.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘आपला ढवळ्या बैल आठवतो? टॅक्टरला बुजायचा नाय, भोंग्याला बुजायचा नाय. पन ताडपत्री फडफडली की जू सोडून पळायचा. लोक म्हनायचे, नाटकी हाय, हाना त्याला. म्या कधी नाय हानला. त्याला तसंच व्हायचं, त्याला तो काय करील? मंग लांबून लांबून न्यायचो, रोज थोडं थोडं.’ मोबाइलकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, ‘त्यात भरायचंय ना? आन चा.’

पुस्तकांतून आणि उपचारांतून जे मला काही महिन्यांत समजले होते, ते आप्पांनी एका बैलावरून सांगून टाकले होते.

ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांना अनुभवाने काही सांगावेसे वाटते. मूल जेवणातून उठून जात असेल, कानांत बोटे घालत असेल, तर त्याला उद्धट किंवा नाजूक ठरवण्याआधी त्याला काय होते ते एकांतात, शांत वेळी विचारा. ऐन जेवणात वाद नको. त्याची नक्कल किंवा थट्टा करू नका. जेवताना पंखा किंवा मंद आवाजात रेडिओ चालू ठेवा. पूर्ण शांततेत बारीक आवाज अधिक टोचतो. समोरासमोर न बसता शेजारी बसले, तर हलणारे तोंड दिसत नाही आणि पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो. पाच मिनिटे उठून जाण्याची आणि परत येण्याची मोकळीक ठरवून घ्या. दुसऱ्या बाजूने, सगळ्या घराने श्वास रोखून जगावे, असेही होऊ देऊ नका. आणि कानांत सतत बोळे घालून ठेवण्याची सवय टाळा, त्याने संवेदनशीलता वाढू शकते. त्रास असलेल्याने हेही शिकायला हवे, की राग खरा असला, तरी त्या रागाने बोललेल्या शब्दांची जबाबदारी आपलीच असते. अभ्यास, नोकरी किंवा नाती यांवर परिणाम होऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांना भेटा. कुठे जावे हे सुचत नसेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो. तिथे मराठीतून बोलता येते.

मी बरी झाले असे म्हणणार नाही. पूर्वीच्या निम्म्याने त्रास उरला आहे, असे म्हणेन. घरी आम्ही तिघे पुन्हा एकत्र जेवतो. माझ्या यजमानांनी चिवड्याची वेळ बदलली आहे आणि मुलगा जेवताना मुद्दाम गप्पा काढतो. जिन्याखाली बसणारी ती मुलगी आता खिडकीजवळ, पंख्याखाली दोन मैत्रिणींबरोबर डबा खाते. तिच्या आजीला तिच्या आईने सगळे समजावून सांगितले आहे.

त्या दिवाळीनंतर आप्पांनी माझ्यासमोर कपाने चहा प्यायला सुरुवात केली होती. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा हात कपाच्या कानाशी थरथरत असे, चहा सदऱ्यावर सांडे. मीच त्यांना बशी आणून दिली. आता गावी गेले, की सकाळी सहाला आम्ही दोघे ओट्यावर बसतो. ते रेडिओ लावतात, मी त्यांच्या शेजारी बसते, समोर नाही. काही सकाळी पूर्ण बशी होईपर्यंत मी बसू शकते. काही सकाळी दुसऱ्या घोटालाच मला उठावे लागते. मी उठले, तरी आता आप्पांना ठाऊक असते, मी का उठले ते. परत येते, तेव्हा माझा कप त्यांनी ताटलीने झाकून ठेवलेला असतो.